भिंतीवरची भावकी

लातुरातल्या आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत एप्रिल-मे महिन्यांत इतकी तापते, की तिच्यावर भाकरी टाकली तर तिला पापुद्रा सुटावा. दिवसभर गिळलेले ऊन ती रात्री अकरापर्यंत माझ्या उशाशी ओकत बसते आणि तिच्याशी झुंजणारा कूलर बादल्यांमागून बादल्या पितो. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे कूलरमध्ये पाणी ओतताना माणसाला चोरी केल्यासारखे वाटते. तेव्हा भिंतीलाच हिरवे पांघरूण घालावे, म्हणजे ऊन पानांवर अडेल, भिंत निवेल आणि पाणी वाचेल, असा विचार मी २०१८ च्या पावसाळ्यात केला. विचारात खोट नव्हती. फक्त पांघरुणालाही तहान लागते, हे रोप घरी येईपर्यंत ध्यानात आले नाही.

नर्सरीवाल्याने १२० रुपयांना एक काळी पिशवी माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "सर, फायकसची वेल हाय. भिंतीजवळ लावा अन् इसरून जा." वेल मूळची चीन-जपानकडची, नाव फायकस प्युमिला, पाने बोटाच्या पेराएवढी आणि बदामाच्या आकाराची. घरी आल्यावर आईने त्यातले एक पान खुडले, देठातून आलेला पांढरा चीक अंगठ्यावर घेतला आणि तिथल्या तिथे निकाल दिला.

"अरे, हे पिंपळाचंच बेणं की! जलमभर जे फुकट उगवलेलं उपटत आलो, ते तू पैशे देऊन आणलास व्हय?"

वनस्पतिशास्त्राचे एकही पुस्तक न उघडता तिने दिलेला हा निकाल अचूक होता. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर हे सगळे फायकसच, त्यामुळे ही वेल त्यांच्या भावकीतलीच. दर पावसाळ्यानंतर पाखरांच्या कृपेने आमच्या कठड्यावर पिंपळाची दोन-तीन रोपे उगवतात. पिंपळाला घरच्या माणसाने हात लावायचा नाही, म्हणून आम्ही एका गड्याला पन्नास रुपये आणि नारळ देऊन ती उपटून घेतो, म्हणजे भेग आमची बुजते आणि पाप त्याच्या खाती जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या आमच्या जिल्ह्यात भिंतीवरची भेग कोणी थट्टेवारी नेत नाही. पिंपळ भेगेत मूळ घालून भिंत फोडतो, पण ही वेल गिलाव्याला वरून धरून चढते आणि भिंत धड असेल तर आत शिरत नाही, असे मी आईला समजावून सांगितले. "भावकी आधी वरवरच चिकटती," एवढेच ती बोलली.

पुढची दोन वर्षे वेल वरवरसुद्धा चिकटली नाही. मी दर रविवारी टेप घेऊन तिची उंची मोजत असे आणि ती दर रविवारी मागच्या रविवारएवढीच भरत असे. या वेलीची बारीक मुळे चार्ल्स डार्विनने काचेच्या पट्ट्यांना टेकवून पाहिली होती, तेव्हा आठवड्याभराने त्यांतून किंचित चिकट द्रवाचे थेंब आले, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. डार्विनसाठी काचेवर पाझरलेली मुळे माझ्या भिंतीवर मात्र घसरत होती, कारण भिंतीला मी नुकताच महागातला गुळगुळीत रंग दिला होता. शेवटी तो रंग मी स्वतःच तारेच्या ब्रशने खरवडून काढला. पाणी थेंबाथेंबाने मिळावे म्हणून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणून खिळ्यांना टांगल्या. तेव्हापासून दारावरून जाणारे लोक आवाज खाली आणून विचारू लागले, "कोण हो आजारी?"

तिसऱ्या पावसाळ्यात वेलीने जोर धरला, पण माझ्या भिंतीवर नव्हे. कुंपण ओलांडून ती शेजारच्या निवृत्त गुरुजींच्या मागच्या भिंतीवर चढली. ती भिंत सावलीतली, बिनरंगाची आणि टाकीच्या गळतीने बारमाही ओली असल्यामुळे, जिच्यावर मी दोन वर्षे पाणी आणि पैसा ओतला ती वेल तिथे सहा महिन्यांत छतापर्यंत पोहोचली. गुरुजींना आधी कौतुक वाटले. मग मुलीचे लग्न ठरले आणि घराला रंग द्यायची वेळ आली. वेल ओढून काढली तेव्हा तिच्याबरोबर गिलाव्याचे पापुद्रे आले आणि मागे मुळांचे तपकिरी ठसे राहिले, जणू शंभर पाली रांगेने लग्नाला येऊन गेल्या होत्या. रंगाऱ्याने ते घासण्याची मजुरी वेगळी लावली. गुरुजी मला काहीच बोलले नाहीत, फक्त बिल दाखवायला स्वतः आले.

आता सातव्या वर्षी माझी भिंत खरोखरच झाकली गेली आहे आणि खोली रात्री नऊलाच निवते. कूलरची एक बादली वाचते आणि तीच बादली वेलीला जाते. वरच्या टोकाला मात्र वेगळाच प्रकार सुरू झाला आहे. लहानपणी भिंतीला बिलगलेल्या या वेलीच्या थोराड फांद्यांना भिंतीचा आधार नको असतो. त्या ताठ बाहेर निघतात आणि त्यांची पाने बोटाएवढी लांब, जाड व चामड्यासारखी होतात. आमच्याकडची पोरे नोकरीसाठी पुण्याला जातात, ती दिवाळीला येतात तेव्हा अशीच दिसतात.

आईचा विरोध मावळला आहे, असे मी समजत होतो. गेले वर्षभर ती दर शनिवारी स्नान करून वेलीच्या एकाच कोपऱ्यात तांब्याभर पाणी घालते आणि हात जोडते. वेलीला अखेर भावकीत घेतले म्हणून मी मनातून सुखावलो होतो. परवा कात्री घेऊन तो कोपरा कातरायला गेलो, तर बदामी पानांच्या गर्दीत एक तांबूस, लांब शेपटीचे पान हलताना दिसले. पाने बाजूला केली. माझ्या मनगटाएवढा पिंपळ, वेलीच्या आडोशाने, भिंतीत मूळ घालून उभा होता.

गड्याला बोलावले. त्याने खालून वर पाहिले, नारळ परत केला आणि म्हणाला, "म्हातारीनं पाणी घातलेलं हाय. पन्नासात नाही जमायचं."