अडतीस कुठं असतो?

"डिजिटल शाळेच्या नावाखाली पोरांना कॅमेऱ्यासमोर नाचवतात. परदेशात बंद पडलेलं यंत्र लाखांना आपल्या गळ्यात मारलंय. गणित मांडी घालून बसल्यावरच येतं. वर पोरांचे व्हिडिओ परदेशी जातात ते वेगळंच."

हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला, त्यातला एक भिशीचा. मी सातारा तालुक्यात दुसरीला शिकवते, म्हणून बोलते.

आधी मांडीचं. कुमठे बीट, म्हणजे शाळांचा एक गट, आपल्याच तालुक्यातलं. २०१५च्या सुमारास राज्यभरातले शिक्षक गाड्या करून तिथं यायचे. बघायचं काय, तर फरशीवर रंगवलेल्या आकृत्या आणि त्यांवर बसून, फिरून शिकणारी पोरं. त्याला कुणी नाच म्हटलं नव्हतं.

आता अडतीस घ्या. मराठीत आठ आधी ऐकू येतात, तीस मागून. दुसरीतली कितीतरी पोरं 'अडतीस' ऐकून ८३ लिहितात. २०१९ला बालभारतीनं पुस्तकात अडतीसला 'तीस आठ' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! जर्मनमध्येही एकक आधीच बोलतात. तिथल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांचा २०११चा एक प्रयोग आहे: बालवाडीतल्या मुलांनी डिजिटल डान्स मॅटवर (पाऊल कुठं पडलं ते ओळखणारी चटई) लहान संख्येला डावीकडे, मोठीला उजवीकडे पाऊल टाकायचं. नुसत्या टॅबलेटवरच्या सरावापेक्षा या मुलांना संख्यारेषेवरची जागा जास्त नीट सांगता आली. मुलं थोडी होती, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत.

आमच्या वर्गात लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर पोरांचंच चित्र दिसतं आणि त्यावरून ० ते १००ची रेघ गेलेली. जागा हेरायची आणि तिथं हात हलवायचा; बरोबर असली की घंटा वाजते. परवा 'अडतीस' म्हटल्यावर एक मुलगी तडक ऐंशीच्या पुढं गेली. हात हलवला, घंटा वाजेना. माझ्याकडं बघितलं, मी गप्प. मग पुटपुटली, "तीस... आन् आठ," आणि सरकत सरकत मागं आली. वहीत ही चूक मला दुसऱ्या दिवशी दिसली असती, लाल पेनाच्या वेळी. उत्तर बरोबर आलं की तीन उड्या मारा, असलेही प्रकार चालतात. त्या उडीचा गणिताशी काही संबंध नाही. त्याला खुशाल नाच म्हणा.

बंद पडलेलं यंत्र म्हणजे कायनेक्ट, अंगाची हालचाल ओळखणारा कॅमेरा. २०१०ला आलं, २०१७ला मायक्रोसॉफ्टनं बनवणं थांबवलं, हे खरं. पण ते खेळाच्या बाजारातलं उपकरण होतं. हालचाल ओळखायला आता लॅपटॉपचा साधा कॅमेरा पुरतो.

लाखांचं म्हणाल तर आमचा लॅपटॉप जुना, प्रोजेक्टर लोकवर्गणीतला आणि ज्यात हा खेळ बनवला ते स्क्रॅच सॉफ्टवेअर फुकट. खिडकीतून ऊन आलं की गोंधळतं, मागून कुणी पळालं तरी घंटा वाजते. वीज गेली की व्हरांड्यातली चुन्याची रेघ आहेच; तिथं "बाई, घंटा कोण वाजवणार?" यावरून भांडणं. कुणी खरंच लाखाची पेटी विकायला आलं तर मात्र मी मेसेजवाल्याच्या बाजूनं.

व्हिडिओची भीती रास्त आहे. म्हणून लॉगिन मागणारं अ‍ॅप आम्ही घेतलं नाही. स्क्रॅच लॅपटॉपवरच भरलंय, नेट लागत नाही. तास सुरू करताना मी डोंगल काढून टेबलावर ठेवते. ज्या ग्रुपवर हा मेसेज आला, त्याच ग्रुपवर गॅदरिंगचे सतरा व्हिडिओ आहेत, पोरांच्या नावांसकट.