स्वतःची स्टाइल फाइल टेक्सएमएफ-डिस्टमध्ये टाकू नका

लाटेक ही मजकूर छपाईसाठी मांडणारी प्रणाली शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा सल्ला मिळतो: 'बाहेरून आणलेलं किंवा स्वतः लिहिलेलं पॅकेज बसवायचंय? सुडो घ्या, फाइल टेक लाइव्हच्या टेक्सएमएफ-डिस्टमध्ये टाका, टेक्सहॅश चालवा. लाटेक दुसरीकडे बघतच नाही. एकदा टाकली की कायमचं काम झालं. प्रोजेक्टच्या फोल्डरात फायली ठेवणं म्हणजे कच्चं काम.' (टेक लाइव्ह म्हणजे लाटेकचा तयार संच, टेक्सएमएफ-डिस्ट किंवा नुसतं डिस्ट म्हणजे त्यासोबत येणाऱ्या पॅकेजांचं फोल्डर, सुडो म्हणजे ॲडमिनचे अधिकार, आणि टेक्सहॅश म्हणजे फायलींची यादी बनवणारी कमांड.) सीनियर ज्युनियरला सांगतात, ज्युनियर पुढच्याला. मीही तीन-चार जणांना हेच सांगितलं आहे, आणि म्हणूनच हे मुद्दे एकेक करून खोडायला बसले आहे.

'लाटेक दुसरीकडे बघतच नाही.'

बघतं. उलट डिस्टकडे सगळ्यात शेवटी बघतं. टेक लाइव्हमध्ये आधी तुम्ही काम करताय ते फोल्डर, मग तुमच्या होम फोल्डरमधलं टेक्सएमएफ, मग सगळ्या मशीनसाठीचं टेक्सएमएफ-लोकल आणि त्यानंतर डिस्ट, असा शोधाचा क्रम असतो. होममधलं हे फोल्डर लिनक्सवर थेट होममध्ये, मॅकवर होममधल्या लायब्ररीत आणि विंडोजवर तुमच्या युजर फोल्डरात धरलेलं असतं. खात्री करायची तर केपीएसईव्हिच या फायली शोधून देणाऱ्या कमांडला टेक्सएमएफहोम या सेटिंगची व्हॅल्यू विचारा, ती पूर्ण पत्ता छापते. अडचण एवढीच की हे फोल्डर आधीपासून तयार नसतं, ते आपण बनवायचं असतं. दिसत नाही म्हणून माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून लोक डिस्टकडे वळतात.

फोल्डर बनवलं की त्यात फायली कशाही ओतायच्या नाहीत. स्टाइल (पॅकेजच्या) आणि क्लास (दस्तऐवजाचा साचा ठरवणाऱ्या) फायली 'टेक्स'मधल्या 'लाटेक्स'मध्ये, पॅकेजच्या नावाचं फोल्डर करून. संदर्भसूचीची बीएसटी फाइल मात्र 'बिबटेक्स'मधल्या 'बीएसटी'मध्ये. इथे फार जण अडकतात. सगळं एकाच फोल्डरात ठेवतात, लाटेक बिनतक्रार चालतं आणि संदर्भसूची बनवणारं बिबटेक म्हणतं की स्टाइल फाइल उघडता आली नाही. फाइल शाबूत असते, पण बिबटेक त्या फांदीवर शोधतच नाही.

'सुडोशिवाय होत नाही.'

स्वतःच्या होममध्ये लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड नसलेल्या मुलांना 'मग राहू दे' असं ऐकावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पॅकेज मशीनवरच्या सगळ्यांना हवं असेल तेव्हाच ॲडमिनला गाठा, आणि तेव्हाही जागा टेक्सएमएफ-लोकल हीच.

'टेक्सहॅश चालवलंच पाहिजे.'

लोकल आणि डिस्टसाठी खरं आहे. टेक लाइव्हच्या सेटिंगच्या फाइलमध्ये या दोन्ही नावांआधी दोन उद्गारचिन्हं असतात. त्यांचा अर्थ असा की डिस्क चाळू नकोस, फक्त तयार यादीत बघ. ती यादी टेक्सहॅश बनवतं. होमच्या नावाआधी ही चिन्हं नसतात, त्यामुळे तिथे फाइल ठेवली की लगेच सापडते. मिकटेक या दुसऱ्या संचाची रीत वेगळी आहे: त्याच्या कन्सोलमध्ये जाऊन आपलं फोल्डर एकदा नोंदवायचं आणि नवीन फाइल टाकली की यादी ताजी करायची.

'एकदा टाकली की कायमचं काम झालं.'

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. टेक लाइव्हची आवृत्ती दरवर्षी येते आणि त्या वर्षाच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरात बसते. डिस्ट त्या वर्षाच्या पोटात असतं, लोकल बाहेर. माझ्या प्रबंधाची क्लास फाइल मी 2018च्या डिस्टमध्ये टाकली होती, आणि बांधणीसाठी डावीकडचा समास वाढवण्यापासून प्रकरणांच्या मथळ्यांपर्यंत सगळे बदल तिथेच केले होते. पुढची आवृत्ती बसवली आणि जागा हवी म्हणून जुनं वर्ष पुसून टाकलं. प्रबंध चालवला तर पहिल्याच ओळीवर 'फाइल नॉट फाउंड'. दुसरी प्रत कुठेच नव्हती. छापील मसुद्यावर फूटपट्टी ठेवून समास मोजले आणि दोन रात्री बसून फाइल पुन्हा लिहिली.

नवीन आवृत्ती येईपर्यंत तरी सुरक्षित, असंही नाही. डिस्टमधल्या एखाद्या मूळ पॅकेजमध्येच तुम्ही दोन ओळी बदलल्या असतील, तर त्या पॅकेजचं पुढचं अपडेट त्या ओळी काही न विचारता पुसून टाकतं. डेबियन आणि उबुंटूवर हेच काम एपीटी हा तिथला पॅकेज मॅनेजर करतो. डिस्ट हे पॅकेज मॅनेजरचं घर आहे. तिथे त्याचीच सत्ता चालते.

'प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवणं कच्चं काम.'

एका लेखापुरती नियतकालिकाची क्लास फाइल असेल तर ती लेखाशेजारीच ठेवा. सहलेखकाला फोल्डर पाठवलं की त्याच्याकडेही चालतं, आणि ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक एडिटरवर तर हाच सरळ रस्ता आहे. फक्त पॅकेज बोलावणाऱ्या यूज-पॅकेज कमांडमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता लिहू नका. मागितलेलं नाव आणि पॅकेजने सांगितलेलं नाव जुळत नाही अशी वॉर्निंग येते, आणि दुसऱ्या मशीनवर तो पत्ता नसतोच.

होमच्या बाबतीत एक सावधगिरी हवी, आणि ती न सांगता मी हा सल्ला देणार नाही. होम डिस्टच्या आधी वाचलं जातं. त्यामुळे सीटॅन या टेक पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारावरच्या एखाद्या पॅकेजची प्रत तुम्ही आज तिथे ठेवली, तर पुढची कितीही वर्षं डिस्टमधली नवी आवृत्ती बाजूला राहून तुमची जुनीच वापरली जाईल. होममध्ये फक्त स्वतःच्या किंवा टेक लाइव्हमध्ये नसलेल्या फायली ठेवा. शंका आली तर लॉग फाइल उघडा, लाटेकने वाचलेल्या प्रत्येक फाइलचा पत्ता तिथे असतो. किंवा केपीएसईव्हिचला 'ऑल' हा पर्याय देऊन फाइलचं नाव विचारा. दोन पत्ते आले तर लाटेक पहिला उचलतं.