बाहुली मोठी होईपर्यंत

"डोळे मिटून बसायचं काका, मध्येच उघडायचे नाहीत," डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालणाऱ्या सिस्टरनी दम दिला आणि मी पुढचा तासभर शेजारच्या गृहस्थांच्या ताब्यात गेलो.

उजव्या डोळ्याचा पडदा फाटला होता, दोन आठवड्यांपूर्वी लेझरने भोकाभोवती डाग देऊन डॉक्टरांनी तो चिकटवला. डाग घट्ट धरायला १०-१४ दिवस लागतात, म्हणून ही तपासणी. संपला इतिहास.

"मोतीबिंदू?" शेजारून आवाज.

"नाही, पडद्याला लेझर."

"तेच ते. आमच्या साडूंचा झाला. लेन्स कुठली टाकलीत?"

"लेन्स नाही टाकली."

"मग पैसे कशाचे घेतले?"

प्रश्न अगदीच वाईट नव्हता.

"जड उचलू नका म्हणालेत ना? साडूंनी ऐकलं नाही. तिसऱ्याच दिवशी भरलेली बादली उचलली."

मी घाबरलो. "मग?"

"मग काय, कंबर धरली."

डोळ्यासमोर तरंगणारा माझा डास, म्हणजे तो काळा ठिपका, अजून तसाच आहे, हे मी त्यांना सांगायला नको होतं. "फसवलं तुम्हाला!" लेझर भोक सांधतो, डास मारत नाही, तो राहणारच. नवे डास आले, चमका दिसल्या किंवा कडेने काळी सावली सरकू लागली तर मात्र त्याच दिवशी धावायचं. एवढं सगळं मी मिटल्या डोळ्यांनी समजावलं. "साडूंना विचारून सांगतो," ते म्हणाले.

आणि मग मोठ्याने, "सिस्टर, ह्यांची बाहुली मोठी झालेली नाही!"

माझे डोळे बंद. ह्यांना बाहुली दिसली कुठून? पण सिस्टरनी पुन्हा थेंब ओतले. पुन्हा ती आग, पुन्हा वीस मिनिटं. तेवढ्यात माझ्यामागून आलेले हे गृहस्थ चष्म्याचा नंबर काढून परतसुद्धा आले.

दहाची वेळ दिलेली, आत घेतलं पावणेएकला. डॉक्टरांनी डोक्यावरचा दिवा डोळ्यात रोखला, बुबुळाशेजारी काहीतरी धातूचं दाबत "वर बघा, खाली बघा, हलू नका" केलं आणि तीन मिनिटांत "छान आहे, महिन्याने या." छान असल्याचा आनंद आहेच. पण पावणेतीन तास बसवून ठेवायचं, तर निदान बाकाला पाठ तरी असावी!

बाहेर काउंटरवर हातात कागद. "अभिप्राय आहे, वाचून भरा." वाचून! मला काउंटरवरची मुलगीही तीन दिसत होती.

"आणा इकडे," ओळखीचा आवाज आला. त्यांनी भराभर टिका मारल्या आणि एका ओळीशी थबकून मोठ्याने लिहिलं, "उपचार... मो-ती-बिं-दू." मग माझं बोट धरून कागदावर टेकवलं. "हं, इथे सही."

केली.