नवीन मुलाला आधी शिकवा, मग सामान विका

"फी किती?" या प्रश्नाला सरळ एक आकडा का मिळू नये? नेमबाजी शिकायची म्हणून नाशिकमधल्या एखाद्या शूटिंग क्लबला फोन केला की "एकदा येऊन भेटा, मग बोलू" एवढंच ऐकायचं. सिडकोतून नाहीतर नाशिक रोडहून माणूस द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधून पोराला घेऊन पोहोचतो, आणि तिथे कळतं की प्रवेश शुल्क वेगळं, महिन्याची फी वेगळी, रायफलचं भाडं वेगळं, छर्रे वेगळे, कागदी टार्गेटसुद्धा वेगळं. हे सगळं एका कागदावर लिहून दाराला चिकटवायला पाच मिनिटं लागतात. छर्र्यांचा डबा येतो ५०० चा. एका मॅचला ६० शॉट, शिवाय आधीचे साइटिंगचे, म्हणजे नेम जुळवून बघायचे. म्हणजे रोज एक मॅच मारणाऱ्याचा डबा आठवड्याभरात संपला. हा हिशोब पालकांना पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांचा त्यांना कळतो, तेव्हा पोराची नेमबाजी बंद होते.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं. मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाज म्हणून घडला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. या शहरातल्या मुलांना बंदूक हातात घ्यावीशी वाटली तर त्यात नवल काय? संताप येतो तो त्या मुलांना जे मिळतं ते बघून. स्वप्नीलचं मेडल पॉइंट टू-टू (.२२) कॅलिबरच्या, म्हणजे काडतुसाच्या रायफलचं, ५० मीटरवरचं. नव्या मुलाची सुरुवात १० मीटरवर, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलनं किंवा एअर पिस्तुलानं होते. एवढंही धड समजावत नाहीत. उलट काही ठिकाणी "लायसन्सची कागदपत्रं आम्ही बघतो, थोडा खर्च येईल" अशी भीती घालतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ कॅलिबरच्या (म्हणजे याच ४.५ मिलिमीटरच्या) आणि २० जूल ताकदीच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही. नवख्याच्या अज्ञानावर पैसे काढणं बंद करा.

रायफल की पिस्तूल, हा निर्णय तर अक्षरशः त्या दिवशी कपाटात काय रिकामं आहे त्यावर होतो! आधी मुलाचे डोळे बघा ना. दोन्ही हात पुढे ताणायचे, तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, त्या फटीतून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. वस्तू ज्या डोळ्याला दिसत राहते तो मुख्य डोळा. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. हे न करता उजव्या हाताच्या पण डाव्या मुख्य डोळ्याच्या मुलाला उजव्या बाजूची रायफल दिली जाते. तो मान वाकडी करतो, डावा डोळा गच्च मिटून घेतो, त्या ताणानं उजवाही थकतो आणि विसाव्या शॉटनंतर त्याला टार्गेटच्या रिंग दोन-दोन दिसायला लागतात. मग शेरा मिळतो, "लक्ष नाही याचं." अशा मुलाला सुरुवातीलाच डाव्या खांद्यावर रायफल शिकवता येते. ते जमणारं नसेल तर नेमाला न लागणाऱ्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटर रुंदीची पट्टी लावायची, नियमातही ती चालते. पण क्लबकडे डावी रायफल नाही, म्हणून "चालतं हो उजवीनं"!

बारा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाच्या मापाची, पाच किलोच्या आसपासची रायफल देता? बट (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) लांब, चीकपीस (गाल टेकवायची पट्टी) खाली. ती तोल सांभाळायला कंबरेतून मागे वाकते आणि महिन्याभरात पाठ धरते. बटाची लांबी कमी करायला आणि चीकपीस वर घ्यायला एक ॲलन की लागते. ती कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे हेच कोणाला माहीत नसतं. पहिले काही आठवडे रायफल स्टँडवर टेकवून फक्त साइट (नेम धरायचा भाग) आणि ट्रिगर शिकवा, वजन नंतर येऊ दे अंगावर. तेवढा धीर नाही.

आणि ड्राय फायर! छर्रा न घालता, समोर कोरा पांढरा कागद लावून, फक्त नेम, श्वास आणि ट्रिगर. नेमबाजीचा पाया हाच आहे. प्रीचार्ज्ड, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबाची हवा भरलेल्या बंदुकीत त्यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र हे करायचं नाही, छर्रा नसला की पिस्टन पुढे आपटतो आणि सील जातं. नव्या मुलाला हा फरक सांगायला हवा की नको? सांगत नाहीत. ड्राय फायरला छर्रे लागत नाहीत आणि छर्रे काउंटरवर विकायचे असतात, हे त्यामागचं कारण आहे. ज्यात पैसा नाही ते शिकवायचं नाही, ज्यात आहे ते पहिल्या महिन्यात गळ्यात मारायचं. २.५ मिलिमीटर जाडीचं जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लव्ह. वाढत्या वयाच्या पोराला पुढच्या वर्षी ते जॅकेट बसणार नाही, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. पिस्तुलाला तर यातलं जॅकेटही नको आणि ट्राउझरही नको. हे पालकांना आधी कळलं असतं तर कितीतरी घरांनी वेगळा निर्णय घेतला असता.

रेंजवर उभं केल्यावर काय होतं? छर्रा मधल्या १० ऐवजी सातच्या रिंगला लागला की मागून कोणीतरी साइटचा नॉब फिरवतो. पुढचा दुसरीकडे लागला की परत फिरवतो. अहो, पाच शॉट तर मारू द्या त्याला! पाचही एका जागी जवळजवळ पडले आणि जागा चुकीची असेल तर साइट हलवा. पाच दिशांना पाच गेले तर चूक पोझिशनमध्ये किंवा ट्रिगरमध्ये आहे, नॉब फिरवून ती जाणार नाही. उजव्या हाताचा पिस्तूलवाला सारखा डावीकडे खाली मारत असेल तर तो ट्रिगर दाबत नाही, हिसकतो आहे. रायफलच्या पुढच्या साइटमध्ये बारीक छिद्राची रिंग घातली असेल तर टार्गेटच्या काळ्या गोलाभोवती पांढरं दिसतच नाही, काळा कडेला कधी चिकटला हे नवख्याच्या डोळ्याला कळत नाही. मोठी रिंग घाला. सिलिंडरचं गेज बघा. २०० बारला भरलेला सिलिंडर उतरत उतरत कामाच्या प्रेशरच्या खाली गेला की छर्रे खाली पडायला लागतात, आणि ओरडा मुलाला बसतो. सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर मुलाच्या गालाजवळ ठेवायची हिंमत होते कशी? क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन न सुटता पेलतो का, हे तपासलं आहे का? नसेल तर तो मुलगा पहिल्या स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोललाच, म्हणजे सामानाच्या तपासणीतच अडकेल.

रायफल आणि पिस्तुलाच्या स्कोअरची तुलना करून मुलांना टोमणे मारणं हा आणखी एक प्रकार. रायफलच्या टार्गेटवरचा १० म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पिस्तुलाचा १० साडेअकरा मिलिमीटरचा. कसली तुलना करता?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते फायरिंग लाइनवरचे चहा-वडापाव बघून. छर्रा शिशाचा असतो. बोटांना शिसं लागतं, मागच्या लोखंडी पत्र्यावर आदळून त्याची धूळ होते आणि ती खाली साठते. त्याच हातानं पोरं खातात. संध्याकाळी कोणीतरी कोरड्या झाडूनं ती सगळी धूळ हवेत उडवतं, मुलं तिथेच उभी असताना. लहान मुलांच्या मेंदूला शिसं काय करतं हे नव्यानं सांगायला हवं का? ओल्या फडक्यानं पुसा, एक्झॉस्ट चालू ठेवा, दारात साबण ठेवा, आणि खाणं बाहेर म्हणजे बाहेर. साबणाची वडी परवडत नसेल तर रेंज चालवू नका.

सेफ्टीचंही तेच. चेंबरमध्ये (छर्रा घालायच्या जागेत) सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची रंगीत खूण, नळी कायम टार्गेटकडे, नेम घेईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, "स्टॉप" ऐकलं की त्या क्षणी थांबायचं. हे पाठ झाल्याशिवाय हातात बंदूक येताच कामा नये. इथे पहिल्या दिवशी फोटोसाठी पोरगं बंदूक घेऊन कॅमेऱ्याकडे वळतं, आणि शेजारचे सर तो फोटो काढत असतात!

पालकांनो, खिशात मेझरिंग टेप घेऊन जा. फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत १० मीटर, जमिनीपासून टार्गेटच्या मध्यापर्यंत १.४ मीटर. मोजू देत नसतील तर तिथून निघा. आणि फॉर्मवर सही करण्याआधी क्लब नेमबाजीच्या राज्य संघटनेशी संलग्न आहे का ते विचारा. स्पर्धेची एन्ट्री त्या मार्गानं जाते. वर्षभर फी भरल्यावर "आमच्याकडून एन्ट्री जात नाही" हे ऐकण्याची वेळ मुलांवर येते, आणि गेलेलं वर्ष कोणी परत देत नाही. "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर घेऊ नका. चालू वर्षाचं संलग्नतेचं पत्र टेबलावर ठेवा म्हणावं, मग फॉर्म पुढे करा.