‘टूलचं वर्णन एका ओळीत उरका’ म्हणणाऱ्यांना

एआय एजंट म्हणजे टूलं (शोधणं, पैसे घेणं अशी ठरावीक कामं करून देणारे प्रोग्रॅम) वापरून काम उरकणारं भाषा-मॉडेल. असे एजंट बनवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: मॉडेलं आता पुरेशी हुशार झाली आहेत, तेव्हा टूलला नेमकं नाव द्या, स्कीमा (टूलला द्यायच्या माहितीचा, म्हणजे पॅरामीटरांचा, ठरलेला साचा) कडक ठेवा आणि वर्णन एका ओळीत उरका. लांब वर्णनात टोकनं (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) फुकट जातात. एवढं करूनही एजंट चुकला, तर सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये) एक नियम वाढवा.

आधी हुशारीचं बघू, कारण बाकी सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. त्याच्यासमोर येतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा, बस्स. समजा ‘सर्च_ऑर्डर्स’ नावाचं टूल फक्त गेल्या ९० दिवसांतल्या ऑर्डरी शोधतं. ही अट कोडमध्ये आहे, नावात नाही. ग्राहक वर्षभरापूर्वीच्या ऑर्डरीबद्दल विचारतो, टूल रिकामी यादी परत करतं आणि एजंट छातीठोकपणे सांगतो, ‘अशी ऑर्डर आमच्याकडे नाही.’ मॉडेल कितीही तल्लख असलं तरी न सांगितलेली अट त्याला कुठून कळणार? उलट तल्लख मॉडेलची थाप इतकी पटण्यासारखी असते की ती पकडायलाच उशीर होतो.

आणि हे फक्त कच्च्या मॉडेलांचं होतं असंही नाही. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने आपल्या क्लॉड या मॉडेलला वेबवर शोधण्याचं टूल दिलं, तेव्हा हे मॉडेल गरज नसताना शोधशब्दांना ‘२०२५’ जोडत होतं आणि निकाल एका बाजूला झुकत होते. कंपनीने स्वतःच ही गोष्ट लिहिली आहे. दुरुस्ती कशात केली? टूलच्या वर्णनात.

आता कडक स्कीमा. ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या स्ट्रिक्ट मोडमुळे मॉडेलचं उत्तर स्कीमाच्या साच्यात बसेल याची हमी मिळाली. ही सोय मोठी आहे, ती जरूर वापरा. पण ती हमी साच्याची आहे, आत भरलेल्या मजकुराच्या खरेपणाची नाही. ‘०३/०४/२०२५’ ही वैध स्ट्रिंग (मजकूर) आहे. ती ३ एप्रिल की ४ मार्च, हे स्कीमाला ठाऊक नसतं. रकमेचं त्याहून वाईट. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमांनी तिची सेवा वापरण्याच्या सोयीत) रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात द्यायची असते: १० डॉलरसाठी १०००, पण १० येनसाठी १०च, कारण येनला पैशांसारखं उपएकक धरलेलं नाही. स्कीमात लिहिलेलं असतं फक्त ‘पूर्णांक’. दोन्ही आकडे त्यातून बिनबोभाट पार होतात आणि शंभरपट पैसे कापले जातात. ‘रक्कम सेंटमध्ये, १० डॉलर म्हणजे १०००’ एवढे शब्द त्या पॅरामीटरच्या वर्णनात लिहायला कितीसा वेळ लागतो?

टोकनांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. टूलांची वर्णनं मॉडेलला जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत जातात आणि टूलं पन्नास झाली की त्यांचं ओझं खरोखर जाणवतं. पण मग कात्री नेमकी जागा बघून लावा. एकसारखी कामं करणारी टूलं एकत्र करा, न लागणारी काढून टाका. ‘हे एक प्रभावी आणि बहुपयोगी टूल आहे’ छापाची वाक्यं तर आजच उडवा, त्यांनी कुणाचंच भलं होत नाही. ठेवायचं ते वेगळं: टूल कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, काय परत येतं, काय परत येत नाही. अँथ्रॉपिकची कागदपत्रं प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं सुचवतात आणि मला ते प्रमाण वाजवी वाटतं. चुकीचा एक कॉल, त्याचं लांबलचक उत्तर, मग पुन्हा प्रयत्न, यात त्या चार वाक्यांपेक्षा कितीतरी जास्त टोकनं जातात.

एक गोष्ट या सल्ल्याच्या समर्थकांनी म्हणायला हवी होती, ती मीच म्हणतो: काही वेळा वर्णन वाढवणं हा उपायच नसतो. अँथ्रॉपिकचा कोड लिहिणारा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की सापेक्ष पाथ (सध्याच्या फोल्डरपासून मोजलेला फाइलचा पत्ता) देताना चुकायचा. त्यांनी इशारे लिहीत बसण्याऐवजी टूलच बदललं, पूर्ण पाथ सक्तीचा केला आणि चुका थांबल्या. दहा ओळींच्या सूचनांशिवाय टूल नीट वापरता येत नसेल, तर दोष टूलच्या घडणीत शोधावा. पण म्हणून ‘एक ओळ पुरे’ हा निष्कर्ष निघत नाही.

राहिला सिस्टीम प्रॉम्प्ट. तिथे नियम घातला की तो त्या एका एजंटपुरता राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (टूलं एजंटांना जोडण्याची सामायिक पद्धत) आल्यापासून तुमचं टूल कुणीही आपल्या एजंटला जोडू शकतो. त्याचा सिस्टीम प्रॉम्प्ट तुमच्या हातात नसतो. टूलसोबत तिथवर जातं ते त्याचं वर्णन.