वळिवड्याच्या चुली

लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळचं गांधीनगर गाठतो, पण त्या जागेवर आधी पोलंडची माणसं राहून गेली हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. कोल्हापूरचा असून!

१९४० मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेली. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण उपासमार आणि टायफस सोसत इराण गाठेपर्यंत कित्येक वाटेतच गेले. उरलेल्यांतले सुमारे ५,००० जण १९४३ पासून वळिवड्याच्या, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या जागेवरच्या, छावणीत आले. बहुतेक बायका आणि पोरं. बापे कुठं मेलेले, कुठं बेपत्ता, कुठं लढाईवर.

शाळा, चर्च, दवाखाना, स्काऊट, नाटकं, सगळं होतं तिथं. मला मात्र एकच गोष्ट मोठी वाटते. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची चूल होती. महिन्याचे पैसे हातात मिळायचे, बाजार करून आई घरी रांधायची.

२०१९ च्या महापुरात आमची मावशी आठवडाभर शाळेत राहिली. जेवण आयतं, पोटभर. तरी म्हणायची, "जेवल्यागत वाटंना बघ. कवा घरला जाऊन भाकरी थापीन असं झालंय." तेव्हा आम्ही हसलो होतो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्ब पडत असताना बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड लहान मुलांचं पाळणाघर चालवत होत्या. त्यांचं निरीक्षण असं की बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त मोडतं. आपण मदत म्हणून पाकिटं वाटतो, फोटो काढतो. आईला तिचं आईपण करू द्यायला जागा ठेवतो का?

आता चुलीनं सगळं भरून आलं असं मी म्हणणार नाही. पोटचं पोर वाटेत पुरून आलेल्या बाईला कुठली चूल पुरणार? त्यात १९४५ ला याल्टाच्या परिषदेत बड्या राष्ट्रांनी सीमा सरकवल्या आणि यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली. परतायचं कुठं? बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडं पांगले. वॉर्सातलं कोल्हापूरचं स्मारक आणि आपल्या महावीर गार्डनमधला स्तंभ ही त्यांची खूण.

१९४८ च्या सुमारास छावणी रिकामी झाली आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी तिथं राहायला आले. त्याच बराकी. पुन्हा चुली मांडल्या, मग कापडाचे गठ्ठे.

पुढच्या महिन्यात भाचीचा बस्ता आहे. या वेळी दुकानात शिरण्याआधी जरा इकडंतिकडं बघणार आहे.