यॉट घ्या, समुद्र टाळा

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर भाजलेलं कणीस खाऊन ज्यांचं मन आता भरत नाही, त्यांनी थायलंडच्या फुकेतला जाऊन खासगी यॉट भाड्याने घ्यावी. लॉनवरचं लग्न, दुबई आणि दारात दुसरी गाडी एवढ्यावर धरमपेठेत हल्ली कोणी वळूनही बघत नाही. यॉट म्हटलं की बघतात.

मुहूर्त नीट निवडा. पोट्ट्यांच्या परीक्षा संपल्या, पारा 45 वर गेला की मेच्या शेवटी निघायचं. फुकेतजवळच्या अंदमान समुद्राचा शांत मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. मेपासून तिथे नैर्ऋत्य वारे लाटा उचलू लागतात, आणि सिमिलन बेटांचं राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतं. भाव उतरतो तो म्हणून. पण एजंट "तुमच्यासाठी म्हणून कमी करून देऊन राहिलो भाऊ" म्हणतो तेव्हा कारण विचारू नये, त्याला वाईट वाटतं.

करारपत्रही वाचू नका. दोन-चार दिवसांच्या मोठ्या यॉटचं भाडं म्हणजे पुष्कळदा नुसती बोट आणि खलाशी. डिझेल, जेवणखाण, बंदराची फी यांसाठी भाड्याच्या 25 ते 35 टक्के रक्कम वेगळी आगाऊ भरायची असते. हे तिथे पोचल्यावर कळलं तर भांडायला मजा येते.

आता जेवण. निघण्याआधी यॉटवाले एक फॉर्म पाठवतात: काय आवडतं, काय चालत नाही, कशाची अ‍ॅलर्जी आहे. तो कोरा ठेवा. मग बोटीवर आचारी ताजी कोळंबी, लेमनग्रास घातलेलं सूप आणि नारळाच्या दुधातली करी मांडेल, तेव्हा जाहीर करा की आपल्यात सहाजण शाकाहारी आहेत आणि काकू जैन आहेत. थाई स्वयंपाकात भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो, हे काकूंचा दुसरा घास झाल्यावर सांगावं. तिथे कांदा-लसूण नसलेलं 'जे' जेवण आधी सांगितलं तर मिळतं, पण आधी सांगणं आपल्या रक्तात नाही.

बाकीच्यांसाठी सावजी मसाला बॅगेत न्यायचाच. यॉटचं स्वयंपाकघर आपल्या देवघरापेक्षा थोडंसंच मोठं असतं आणि केबिनला लागून असतं. तिथे तो मसाला तेलात पडला की खोकत खोकत सगळी मंडळी वर डेकवर येतात, आणि समुद्र बघायला कोणी आलं नाही ही तक्रार आपोआप मिटते. सकाळी तर्री-पोहे चापून दोन मीटरच्या लाटेत शिरायचं. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, आपण ती उलटी झाल्यावर शोधतो.

स्नॉर्कलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघणं, मात्र चुकवू नका, कारण आपल्या अंगच्या कलेला तिथेच राजमान्यता आहे. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकायचं, बोटाने चोळायचं आणि पाण्यात खळबळून घ्यायचं, असं प्रशिक्षक स्वतः शिकवतो. राजेहो, थुंकण्याचे धडे! पण गालात पन्नीतून आणलेला खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) असेल तर काच लाल होते आणि मासे दिसतात ते सूर्यास्ताच्या वेळचे. वर्षानुवर्षं खर्रा घोटणाऱ्याचं तोंडच पुरतं उघडत नाही, नळीचा रबरी तुकडा दातात धरायचा म्हटलं तरी पंचाईत. (हे वाक्य विनोदी नाही, पण यॉटचे पैसे देण्याआधी दंतवैद्याला दाखवा.)

मिशी ठेवणाऱ्यांच्या मास्कमध्ये ओठावरून पाणी झिरपत राहतं. व्हॅसलीन चोपडलं तर थोडं थांबतं. मिशी काढू नका. सासऱ्यांपुढे न उतरलेली मिशी एका रबराच्या पट्टीपुढे काय म्हणून उतरवायची? नाकात पाणी गेलं की बुडालो म्हणून ओरडा आणि पायाखाली जे लागेल त्यावर उभे राहा. ते प्रवाळ असतं, सजीव असतं, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतं. तुम्हाला मात्र फोटोसाठी आत्ताच उभं राहायचंय.

सनस्क्रीन थापून घ्या. ऑक्सिबेन्झोनसह चार रसायनं असलेल्या क्रीमवर थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून बंदी आहे, दंड 1 लाख बाहतपर्यंत. तिथे माशांना पाव टाकणंही मना आहे. तळ्यात मुरमुरे टाकून पुण्य कमावणाऱ्यांना हे कोण सांगणार? पॅरटफिश नावाचा रंगीत मासा प्रवाळ कुरतडतो आणि वाळू हगतो. प्रवाळ बेटांवरची पांढरीशुभ्र वाळू बरीचशी त्याच्याच कृपेची. सूनबाईंचं लोळत रील काढून झाल्यावरच हे सांगा.

वारा वाढला आणि कॅप्टन म्हणाला, पुढे जाता येणार नाही, तर त्याला आमदारांना फोन लावायची धमकी द्या. बोटीवर शेवटचा शब्द कॅप्टनचाच असतो, आणि तो आमच्या वॉर्डात मतदार नाही, त्यामुळे काही होणार नाही. पण आपलं समाधान.

उतरताना खलाशांना भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास बक्षिशी देण्याचा रिवाज आहे. तुम्ही संत्रा बर्फी द्या. स्टीलच्या डब्यातून द्या, आणि ती त्यांच्या ताटलीत काढून होईपर्यंत धक्क्यावर उभे राहा. डबा आपला आहे.